गिऱ्हाइकाचा एसएमएस टीमच्या चॅटवर कसा आणायचा

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या खानदेशातल्या पट्ट्यातलं ठिबक, पंप आणि स्टार्टर विकणारं, दुरुस्त करणारं कुठलंही दुकान घ्या. तक्रार येते ती बहुतेक मालकाच्या खिशातल्या फोनवर. ‘मोटर चालू व्हत नई’, ‘पाईप फुटी ग्या, कव्हय येशात’ असे दोन-चार शब्दांचे एसएमएस. मालक बँकेत असतो, लग्नात असतो, गाडी चालवत असतो. काउंटरवरचा मुलगा, गोडाऊन सांभाळणारा माणूस आणि गाडीवर गावोगाव फिरणारा फिटर यांना असा निरोप आलाय याचा पत्ताच नसतो. उन्हाळ्यात केळीच्या बागेचं पाणी दोन दिवस चुकलं तर घड पोसत नाहीत. त्या शेतकऱ्याने वेळेवर कळवलेलं असतं, पण ते योग्य माणसापर्यंत पोचलेलं नसतं.

हा लेख ते पोचवण्यासाठी आहे. गिऱ्हाइकाने नेहमीसारखा एसएमएस करायचा आणि तो पूर्ण टीमला एका चॅटमध्ये दिसायचा, एवढंच काम. उदाहरणासाठी चॅट म्हणून स्लॅक हे कामाच्या टीमसाठीचं चॅट ॲप घेतलं आहे. उदाहरण ठिबक-पंपाच्या दुकानाचं असलं तरी दूध संकलन केंद्र, बियाण्याचा डीलर, ट्रॅक्टरचं वर्कशॉप यांनाही हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

व्हॉट्सॲप असताना एसएमएस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना व्हॉट्सॲपवरच राहू द्या. पण शेतावर न्यायला साधा बटणांचा फोन बाळगणारे आबा-नाना अजून भरपूर आहेत, आणि धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ बाजूला किंवा यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याला इंटरनेट धड चालत नाही तिथेही एसएमएस निघतो. समोरचा फोन बंद असेल तर कंपनीचं संदेश केंद्र तो काही काळ जपून ठेवतं आणि फोन सुरू झाला की देतं. म्हणून गिऱ्हाइकाला सवय बदलायला सांगू नका. बदल आपल्या बाजूला करा.

येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा

कामाला हात घालण्याआधी ही गोष्ट पक्की समजून घ्या, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक परदेशी मार्गदर्शकांत ती सापडत नाही. तिकडे एक नंबर विकत घ्यायचा, त्याच नंबरवर संदेश घ्यायचे आणि त्याच नंबरवरून चॅटमधून उत्तरं पाठवायची, अशी सरळ रीत असते. भारतात ती तशी चालत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ साली व्यावसायिक संदेशांसाठी नियमावली आणली. तिच्यानुसार धंद्याचे संदेश पाठवायचे तर डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत दुकानाची नोंद, संदेशावर दिसणारं सहा अक्षरी नाव म्हणजे हेडर, आणि मजकुराचे आधीच मंजूर केलेले साचे म्हणजे टेम्प्लेट लागतात. बँकेचे, गॅसचे संदेश येतात ते असेच. त्या हेडरला गिऱ्हाईक उलट उत्तर देऊ शकत नाही.

म्हणजे निरोप घ्यायला एक नंबर आणि उत्तर द्यायला दुसरी व्यवस्था. हे एकदा स्वीकारलं की पुढची गुंतागुंत बरीच कमी होते. येण्याचा रस्ता एका दुपारी उभा राहतो. जाण्याच्या रस्त्याला कागदपत्रं आणि मंजुऱ्या लागतात, त्यामुळे तो मागाहून आला तरी काही अडत नाही. तोवर उत्तर फोन करून द्या. खरं सांगायचं तर बिघडलेल्या मोटारीबद्दल फोनवर बोललेलंच बरं. ‘स्टार्टर खटकन आवाज करतो का? डीपीवर तिन्ही फेज आहेत का?’ हे एसएमएसवर विचारण्यात अर्धा दिवस जातो.

पहिली पायरी: नंबर आणि फोन

येणाऱ्या निरोपांसाठी दोन पर्याय आहेत. पहिला, जुना अँड्रॉइड फोन आणि त्यात नवं सिम. दुसरा, एसएमएस सेवा देणाऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल नंबर. त्यावर आलेला संदेश कंपनीचा सर्व्हर थेट तुमच्या वेब पत्त्यावर पाठवतो, फोन सांभाळावा लागत नाही. दिवसाला पाच-पंचवीस निरोप येत असतील तर फोनवरच सुरुवात करा. खर्च जवळपास नाही, आणि आपल्याला ही पद्धत झेपते की नाही ते महिन्याभरात कळतं.

सिम दुकानाच्या नावावर घ्या आणि ते बँक, यूपीआय, आधार अशा कशालाच जोडू नका. या फोनवर येणारा संदेश पाच-सहा माणसं वाचणार आहेत, तिथे ओटीपी येऊन चालणार नाही. नवं म्हणून मिळालेला नंबर पूर्वी दुसऱ्या कुणाचा असू शकतो, आणि त्या माणसाच्या बँकेचे संदेश तुमच्याकडे येऊ शकतात. यावर उपाय सोपा आहे. बँका, कंपन्या, जाहिरातदार यांचे संदेश अक्षरी हेडरवरून येतात, गिऱ्हाइकाचे दहा आकडी नंबरवरून. फॉरवर्ड करणाऱ्या ॲपमध्ये ‘पाठवणारा फक्त आकडी नंबर असेल तरच पुढे पाठव’ असा नियम लावा. ओटीपी आणि जाहिराती दोन्ही बहुतेक बाहेरच राहतात.

फोनमध्ये एसएमएस वेब पत्त्यावर पुढे पाठवणारं ॲप लागेल. अशी ॲप बरीच आहेत, काही मुक्त स्रोत आहेत. निवडताना चार गोष्टी बघा: वेबहुकला, म्हणजे दुसऱ्या सेवेने दिलेल्या वेब पत्त्यावर थेट, पाठवता येतं का, नेट नसताना संदेश रांगेत ठेवून नंतर पाठवतं का, लांब एसएमएसचे तुकडे जोडून एकच संदेश करतं का, आणि वर सांगितलेली चाळणी लावता येते का. काही ॲप मिस्ड कॉलचीही खबर पुढे पाठवतात. आपल्याकडे मिस्ड कॉल हासुद्धा निरोपच असतो, त्यामुळे मिळालं तर ते जरूर घ्या.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जा. इथे घाई करू नका, कारण पुढच्या तक्रारींपैकी निम्म्याअधिक इथूनच निघतात. ॲपसाठी बॅटरीची बचत पूर्ण बंद करा, नाहीतर स्क्रीन काही तास बंद राहिली की अँड्रॉइड त्याला झोपवतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. सिमचा पिन काढून टाका. फोन रीस्टार्ट झाल्यावर एकदा हाताने अनलॉक केल्याशिवाय बरीच ॲप सुरूच होत नाहीत, हे दुकानात सगळ्यांना सांगून ठेवा. वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू ठेवा, म्हणजे लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी निरोप थांबणार नाहीत.

एक सेटिंग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये ‘आरसीएस चॅट’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर स्मार्टफोनवाल्या गिऱ्हाइकाने एसएमएस समजून पाठवलेला निरोप प्रत्यक्षात इंटरनेटवरून येतो. तो फोनवर दिसतो, पण फॉरवर्ड करणाऱ्या ॲपला बहुधा दिसत नाही. साध्या फोनवाल्यांचे निरोप येतात आणि स्मार्टफोनवाल्यांचे गायब, असं विचित्र चित्र दिसलं तर कारण हेच समजा. या फोनवर आरसीएस बंदच ठेवा.

आणि उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस तास चार्जरला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते. फोन आतल्या भिंतीजवळ ठेवा. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावा, नसेल तर चार्जरला टायमर लावा. मागचं झाकण वर आलेलं दिसलं की तो फोन त्या दिवशीच बदला.

दुसरी पायरी: चॅटची बाजू

स्लॅकवर दुकानाचं वर्कस्पेस, म्हणजे दुकानाची स्वतःची जागा, उघडा आणि त्यात ‘ग्राहक-निरोप’ असं एक चॅनेल, म्हणजे एका विषयाचा ग्रुप, करा. एकच. ठिबकचं वेगळं, पंपाचं वेगळं असं सुरुवातीला करू नका, कारण ‘पानी येत नई’ हा निरोप कोणत्या चॅनेलचा हे शेतावर गेल्याशिवाय कळत नाही.

मोफत योजनेत मागच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात आणि दहाच ॲप जोडता येतात. दहा ॲप पुरेशी आहेत. ९० दिवसांची मर्यादा मात्र लक्षात ठेवा, कारण वॉरंटीचा वाद सहा महिन्यांनी निघतो. म्हणून कायमची नोंद चॅटमध्ये ठेवायची नाही, शीटमध्ये ठेवायची. ते पुढे येतंच.

स्लॅकच का, तर थ्रेडसाठी. एका शेतकऱ्याच्या निरोपाखाली त्याच्याबद्दलचं सगळं बोलणं एकत्र राहतं, दुसऱ्याच्या तक्रारीत मिसळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तीन तक्रारी एकाच वेळी आल्या की ‘हो, जातो’ हे कुणासाठी होतं ते संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही. पण तुमची माणसं नवं ॲप घ्यायला अजिबात तयार नसतील तर टेलिग्रामचा ग्रुप आणि त्याचा बॉट (आपोआप संदेश टाकणारं खातं) हा चांगला मार्ग आहे, मोफत आणि हलका. गुगल चॅटचं वेबहुक पैसे भरलेल्या वर्कस्पेस खात्यात मिळतं, त्यामुळे ते खातं आधीपासून असेल तरच तो विचार करा.

आता जोडणी. स्लॅकच्या डेव्हलपर पानावर जाऊन नवं ॲप तयार करा, ‘सुरुवातीपासून’ हा पर्याय घ्या, नाव द्या, वर्कस्पेस निवडा. डावीकडच्या यादीत ‘इनकमिंग वेबहुक्स’ आहे, ते चालू करा. खाली ‘नवं वेबहुक जोडा’ असं बटण येईल. ते दाबलं की कोणत्या चॅनेलला जोडायचं ते विचारेल. ‘ग्राहक-निरोप’ निवडा. एक लांबलचक पत्ता मिळेल. तो पत्ता ज्याच्याकडे आहे तो कुणीही तुमच्या चॅनेलमध्ये लिहू शकतो, त्यामुळे तो ग्रुपवर टाकू नका, स्क्रीनशॉटमध्येही दिसू देऊ नका.

हाच पत्ता फोनमधल्या ॲपमध्ये टाका. पद्धत ‘पोस्ट’ (POST), मजकुराचा प्रकार ‘जेसन’ (JSON). स्लॅकला ‘टेक्स्ट’ (text) या नावाच्या एका रकान्यात मजकूर हवा असतो. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि संदेश या दोन जागा ॲपने दिलेल्या खुणांनी भरा. दुसऱ्या फोनवरून एक एसएमएस करा. काही सेकंदांत तो चॅनेलमध्ये उतरला की येण्याचा रस्ता सुरू झाला.

लगेच चाचण्या घ्या. अवतरणचिन्हं असलेला निरोप पाठवा. दोन ओळींचा पाठवा. जेसनमध्ये ही चिन्हं नीट हाताळली नाहीत तर पूर्ण संदेशच नाकारला जातो आणि फोनवर सगळं ठीक दिसत राहतं. देवनागरीत लांब निरोप पाठवून तो तुटून दोन भागांत येतो का ते बघा. मग वायफाय बंद करून, डेटा बंद करून एक एसएमएस पाठवा आणि पाच मिनिटांनी नेट सुरू करा. रांगेतला निरोप आपोआप आला पाहिजे. हे सगळं पार पडल्याशिवाय तो नंबर बिलावर छापू नका.

तिसरी पायरी: मध्ये एक शीट

थेट वेबहुकने काम चालतं, पण त्यात दोन उणिवा राहतात. प्रत्येक एसएमएस सुटा येतो, आणि नंबर दिसतो पण माणूस दिसत नाही. ‘मोटर बंद’ एवढ्यावर फिटर कुठल्या गावाला निघणार?

यासाठी फोन आणि स्लॅक यांच्या मध्ये गुगल शीट आणि तिच्यामागे ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटकडून आपोआप कामं करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, बसवा. मोफत आहे, आणि दुकानात हिशेबासाठी शीट वापरणारा एक तरी मुलगा असतोच. कॉलेजात संगणक शिकणारा कुणी ओळखीचा असेल तर स्क्रिप्ट दोन दिवसांत लिहून होते. तिला काम नेमकं काय सांगायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं.

एका पानावर गिऱ्हाइकांची यादी ठेवा: नंबर, नाव, गाव, तालुका, काय विकलं, कधी विकलं, पंप किती एचपीचा. तालुका सोडू नका. पिंप्री, वडगाव, खेडी या नावांची गावं एकाहून जास्त तालुक्यांत आहेत, वर बुद्रुक आणि खुर्द आहेतच, आणि चुकीच्या गावाला गेलेली गाडी म्हणजे पूर्ण सकाळ वाया. दुसऱ्या पानावर निरोपांची नोंद: तारीख-वेळ, नंबर, मजकूर, थ्रेडचा ओळखक्रमांक, कुणी घेतलं, काय झालं.

स्क्रिप्टने असं करायचं. एसएमएस आला की नंबरचे शेवटचे दहा आकडे घ्यायचे, कारण तोच नंबर कधी ‘+९१’ लावून येतो, कधी शून्य लावून. मग यादीत शोधायचं. सापडला तर चॅनेलमध्ये नाव, गाव, तालुका आणि पंपाची माहिती सगळ्यात वर लिहून खाली निरोप टाकायचा. सापडला नाही तर ‘नवा नंबर’ असं लिहायचं, म्हणजे जो फोन करेल तो नाव-गाव विचारून यादीत भरेल. त्याच नंबरची मागच्या तीन दिवसांत मिटलेली नसलेली तक्रार असेल तर नवा निरोप त्याच थ्रेडमध्ये जायला हवा. यासाठी साधं वेबहुक पुरत नाही, कारण ते संदेशाचा ओळखक्रमांक परत देत नाही. त्याऐवजी स्लॅक ॲपचं बॉट टोकन, म्हणजे बॉटची गुप्त चावी, घ्या, त्याला संदेश लिहायची परवानगी द्या आणि त्या बॉटला चॅनेलमध्ये सामील करून घ्या. हे शेवटचं राहून गेलं की ‘चॅनेलमध्ये नाही’ एवढीच चूक परत येते आणि तासभर कारण कळत नाही.

दोन खाचखळगे. ॲप्स स्क्रिप्टचा पत्ता उघडा ठेवावा लागतो, आणि आलेल्या वेब विनंतीसोबतचे तांत्रिक तपशील (त्यांनाही हेडरच म्हणतात, एसएमएसचा हेडर वेगळा) तिला वाचता येत नाहीत. म्हणून पत्त्याच्या शेवटी एक लांब गुप्त शब्द जोडा आणि तो नसेल तर काहीच करायचं नाही असं स्क्रिप्टला सांगा. दुसरं, ही स्क्रिप्ट उत्तर देताना दुसऱ्या पत्त्याकडे वळवते. काही फॉरवर्ड ॲप ते अपयश समजतात आणि तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतात. नंबर, वेळ आणि मजकूर तिन्ही सारखे असतील तर दुसऱ्यांदा नोंद करायची नाही, ही अट पहिल्या दिवसापासून घाला.

चौथी पायरी: कुणी उत्तर द्यायचं

निरोप सगळ्यांना दिसायला लागला की नवा धोका तयार होतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. मालकाच्या खिशात होता तेव्हा निदान एक माणूस जबाबदार होता. म्हणून खुणांची, म्हणजे निरोपावर टाकायच्या इमोजींची, एक रीत ठरवा आणि ती मोडू देऊ नका.

निरोप पाहून ज्याने काम उचललं त्याने त्यावर डोळ्यांची खूण टाकायची. त्या क्षणापासून ते काम त्याचं. फोन केला, काय ठरलं, कधी जाणार, हे त्याच थ्रेडमध्ये एका ओळीत लिहायचं. काम झालं की हिरवी बरोबरची खूण, तीही ज्याने डोळे टाकले त्यानेच. काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर थ्रेडमध्ये त्याचं नाव घालून द्यायचं आणि समोरच्याने डोळे टाकेपर्यंत ते आपलंच समजायचं. दुकानाच्या वेळेत अर्ध्या तासात कुणीच डोळे टाकले नाहीत तर मालकाच्या नावाने थ्रेडमध्ये आठवण जायला हवी. ही आठवण स्क्रिप्ट देऊ शकते, पण ती लगेच लावायची घाई नाही, आधी चार आठवडे माणसांना सवय लागू द्या.

रात्रीच्या निरोपांचा विचार वेगळा करा. अजूनही कित्येक फीडरवर शेतीला रात्रीच्या पाळीत थ्री-फेज लाइट येते, त्यामुळे मोटार चालू होत नाही हे शेतकऱ्याला रात्री अकराला कळतं आणि तो तेव्हाच एसएमएस करतो. त्या वेळी चॅट वाजवून फिटरची झोप मोडण्यात अर्थ नाही. स्लॅकमध्ये प्रत्येकाने रात्रीची सूचना बंद ठेवावी. ॲप्स स्क्रिप्टला वेळेचा ट्रिगर लावून सकाळी आठला न मिटलेल्या सगळ्या तक्रारींची यादी तालुक्यानुसार चॅनेलमध्ये टाका. फिटरची गाडी निघण्याआधी चोपड्याची चार कामं एका रांगेत दिसली की फेरी आपोआप आखली जाते. मला या सगळ्या जोडणीत ही सकाळची यादी सगळ्यात मोलाची वाटते. चॅट नको म्हणणारे जुने फिटरसुद्धा तिच्यासाठी ॲप उघडतात.

सातपुड्यात जाणाऱ्या फिटरला वर गेल्यावर स्लॅक उघडणार नाही. त्याला निघताना त्या बाजूच्या कामांचा साधा एसएमएस करून ठेवा: नाव, गाव, नंबर, काम. परत खाली रेंजमध्ये आल्यावर तो खुणा टाकेल.

पाचवी पायरी: उत्तराचे एसएमएस

महिनाभर फक्त फोनने उत्तरं द्या आणि थ्रेड वाचा. कोणती तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा सांगावी लागतात ते आपोआप कळेल. बहुधा ‘तक्रार मिळाली’, ‘फिटर अमुक दिवशी येईल’, ‘सुटा भाग आला आहे’ आणि ‘काम झालं, अडचण असेल तर कळवा’. टेम्प्लेट फक्त याच वाक्यांचे करा.

डीएलटीची नोंदणी जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्या पोर्टलवर होते. एका ठिकाणी नोंदवलं की पुरतं. दुकानाचा पॅन, जीएसटी किंवा नोंदणीचा पुरावा आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र तयार ठेवा. मग हेडर, मग टेम्प्लेट. बदलणारा भाग, म्हणजे तारीख किंवा तक्रार क्रमांक, ठरावीक खुणेने दाखवायचा असतो. बाकी मजकूर पाठवताना अक्षर अन् अक्षर, अगदी मधली रिकामी जागाही मंजूर साच्याशी जुळली पाहिजे, नाहीतर संदेश वाटेतच अडतो. त्याशिवाय तुमच्या दुकानापासून एसएमएस कंपनीपर्यंतची साखळीही पोर्टलवर जोडलेली असावी लागते. संदेशात वेब दुवा किंवा फोन करण्याचा नंबर असेल तर तोही आधी नोंदवावा लागतो. हेडरला उलट उत्तर देता येत नसल्याने ‘निरोपासाठी या नंबरवर एसएमएस करा’ असं लिहून आपला सिमचा नंबर टाकणं गरजेचं आहे, म्हणून त्याची नोंद विसरू नका. २०२५ पासून हेडरच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारं अक्षर दिसतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. तुमचे संदेश सेवेचे आहेत. त्यांच्यात ‘दिवाळी ऑफर’ घुसवली तर तो प्रकारच बदलतो.

नोंदणी टाळून जुन्या फोनमधल्या सिमवरूनच सगळ्यांना उत्तरं पाठवण्याचा मोह होईल. बहुतेक प्रीपेड योजनांत दिवसाला १०० एसएमएस मिळतात आणि ॲपही ते पाठवू शकतं. पण साध्या नंबरवरून धंद्याचे संदेश पाठवणं नियमाबाहेर आहे. कुणी तक्रार केली तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तो नंबर म्हणजे तुमचा येण्याचा रस्ता आहे.

मजकुराची लांबीही मोजा. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० च. त्यापुढे गेलं की संदेश तुकड्यांत मोजला जातो आणि देवनागरीत प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं धरली जातात, पैसे तुकड्यागणिक. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. ‘तक्रार नोंदली. कारागीर उद्या सकाळी ११ पर्यंत येईल.’ हे वाक्य जागा धरून ५० भरतं. दुकानाच्या नावाला २० उरतात. जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर त्या गिऱ्हाइकासाठी रोमन लिपीतला टेम्प्लेट वेगळा मंजूर करून घ्या आणि शीटमध्ये ‘लिपी’ असा रकाना वाढवा.

चॅटमधून हे संदेश पाठवायला खुणाच वापरता येतात: थ्रेडच्या वरच्या निरोपावर ट्रकची खूण टाकली की ‘फिटर येईल’ हा साचा जायचा. स्लॅक अशा प्रत्येक खुणेची खबर स्क्रिप्टला देतं आणि तीन सेकंदांत उत्तराची वाट बघतं. ॲप्स स्क्रिप्ट कधी कधी त्याहून हळू चालते, मग स्लॅक तीच खबर आणखी तीनदा पाठवतं. खबरीचा क्रमांक जपून ठेवून ‘हा आधी आला होता का’ हे तपासलं नाही, तर शेतकऱ्याला तोच एसएमएस चारदा जातो.

रोजची देखभाल

ही जोडणी बंद पडते तेव्हा गाजावाजा होत नाही. चॅनेल शांत दिसतं आणि वाटतं, आज तक्रारी नाहीत. म्हणून दुकान उघडणाऱ्याने रोज आपल्या फोनवरून ‘चाचणी’ असा एक एसएमएस करायचा. पाच मिनिटांत तो चॅनेलमध्ये दिसला नाही तर जुना फोन हातात घ्यायचा. रिचार्जची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये हवी. रिचार्ज संपून नंबर बराच काळ पडून राहिला तर तो दुसऱ्याला दिला जातो.

नंबर, गाव, पंप, निरोप ही लोकांची खासगी माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लहान दुकानाने विसरावा असा नाही. शीट ज्यांना गरज आहे त्यांनाच दाखवा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी स्लॅक आणि शीट दोन्हींतून त्याचं नाव काढा, गुप्त शब्द बदला. निरोपात आलेला दुवा उघडू नका, फाइल तर मुळीच उतरवू नका.

निरोप वाढले, दुसऱ्या तालुक्यात शाखा निघाली, की व्हर्च्युअल नंबरकडे जा. शीट, स्क्रिप्ट, चॅनेल, खुणा सगळं तेच राहतं, फक्त फोनमधल्या ॲपऐवजी कंपनीचा सर्व्हर तुमच्या पत्त्यावर निरोप पाठवतो. रकान्यांची नावं वेगळी असतात, तेवढी स्क्रिप्टमध्ये बदलावी लागतात. जुनं सिम मात्र निदान दोन हंगाम चालू ठेवा. तो नंबर बिलांवर छापलेला असतो, पंपाच्या पेटीवर चिकटवलेला असतो, विहिरीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेला असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात मोटार बंद पडली की शेतकरी तोच लावणार आहे.